तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं फडकं मारलं तर काय होतंय?

दुकानात येणारे, गल्लीतले, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले, सगळ्यांचा एकच प्रश्न. "तुम्ही गाडीला कुणाला हात का लावू देत नाही हो, नुसतं फडकं मारलं तर काय होतंय?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "आन् स्वतः तासन्तास वॅक्स घासत बसता, त्यानं नाही का ओरखडे पडत?" समोरचे काका तर रविवारी गॅलरीतूनच ओरडतात, "काय ओ, आज परत आंघोळ घाललालाव का गाडीला?" मी हसतो. लई वर्षं हसलो. आता एकदाचं लिहून टाकतो, पुढच्यानं विचारलं की हेच मोबाईलवर पाठवून देईन.

काळी गाडी का घेतली ते मात्र विचारू नका, तो वेगळा विषय आहे आणि त्यात चूक माझीच आहे.

माझं लातुरात चष्म्याचं दुकान आहे. रोज कुणीतरी येतं, नंबर वाढलाय वाटतं म्हणतं, मी चष्मा उजेडात धरतो तर नंबर तोच असतो, काच बारीक रेघोट्यांनी भरलेली असते. कशानं पुसता? शर्टाच्या टोकानं. कोरडीच. वर मलाच सांगतात, कापड तर मऊ आहे की. अहो कापड मऊ आहे, पण काचेवर बसलेली धूळ कुठं मऊ आहे, तो कण कापडाखाली सापडतो आणि तुम्ही त्याला काचेवरून फरफटत नेता. गाडीचं तंतोतंत हेच. रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात त्याला, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस 70 च्या आसपास. म्हणजे केसापेक्षा पातळ पापुद्र्यावर तुमची सगळी चमक, आणि त्याच्यावर आपल्या रस्त्यांचा मुरूम, खडीचा चुरा, आणि त्याच्यावर तुम्ही कोरडं फडकं फिरवणार, तेही गोल गोल. मग उन्हात गाडी बघितली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतंय, ते हे.

पाण्याचं पण बोलून घेतो. लातुरात राहून गाडी धुतो म्हणजे मी गुन्हेगार, असं तोंडावर ऐकलंय. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी पण इथंच होतो, घागरी घेऊन टँकरमागं पळालोय. तेव्हा मोटारसायकल होती, पाऊस पडेपर्यंत तिला पाण्याचा थेंब लावला नाही. आता मी तीन बादल्या वापरतो. एक वरची धूळ भिजवून ओघळून जायला, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, ज्यात हातमोजा दरवेळी खळबळून माती सोडायची आणि मगच परत शाम्पूत बुडवायचा. काका पाइप लावून अंगण धुतात ते चालतंय. आरओचं वाया जाणारं पाणी वापरा असं सांगणारे पण भेटतात. वापरून बघितलं. बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यातले क्षार वेगळे काढून मशीन ज्या नळीतून बाहेर टाकतं तेच ते पाणी, काळ्या बॉनेटवर वाळलं की थेंबाथेंबाचे पांढरे गोल. ते आता फक्त चाकांना.

तर आता दाजींची गोष्ट. ही तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याच तोंडून ऐकलीय, पण अर्धीच.

2019 चा दसरा. गाडीला वर्षसुद्धा झालं नव्हतं. आमचं गाव औसा तालुक्यात. शेतात सोयाबीनची रास चालू होती, मशीनची गुळी वाऱ्यानं उडत होती आणि गाडी नेमकी त्याच अंगाला लावलेली. लावली कुणी? मीच. हे मी सांगताना नेहमी गाळतो. रात्रीतून एवढा थर बसला की सकाळी पोरांनी डिकीवर बोटानं 'सरपंच' लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं आंघोळ उरकू, मग निवांत धुऊ, मग पूजा. आंघोळ करून बाहेर आलो तर दाजी, म्हणजे ताईचे मालक, सणाला म्हणून आलेले, बॉनेटवर ओणवे होऊन खांद्यावरची दस्ती गरागरा फिरवत होते. जवळ बादली नाही, तांब्या नाही. कोरडीच. अर्धं बॉनेट झालं होतं आणि ते अर्धं खरंच चमकत होतं, हे पण सांगायला पाहिजे. मला बघून हसले, "म्हटलं तुमी येस्तोवर चमकवून ठेवावी, पूजा करायची ना."

निळ्या चौकड्याची दस्ती. तिच्या घडीत सोयाबीनचं एक टरफल अडकलेलं होतं आणि मला त्या वेळी तेवढं एकच दिसत होतं, ते टरफल. मी दस्ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणालो, "कळतंय का काही तुम्हाला?" जावयाला. सणाच्या दिवशी. आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी, वडील ओसरीवर, ताई उंबऱ्यात. कुणी काही बोललं नाही. दाजींनी हात झटकले, चपला घातल्या, "रानाकडं जाऊन येतो" म्हणाले. संध्याकाळी सोनं द्यायला आले. रीत म्हणून मलाही दिलं, आपट्याचं पान हातावर ठेवलं आणि न बघता पुढच्याकडं वळले. त्या भाऊबीजेला ताई एकटी आली.

इथपर्यंतची गोष्ट मी रंगवून सांगतो, तुम्ही हसता, "जावयाची दस्ती ओढली म्हणे" वगैरे. पुढची सांगत नाही.

लातूरला आल्यावर रागारागात बाजारातून पॉलिशची डबी आणली. म्हटलं ओरखडे आपणच काढू. डबीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही, मी, जो दिवसभर लोकांना बारीक अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो. ते वॅक्स नव्हतंच, रबिंग कंपाउंड होतं. आपल्याकडं दोन्हीला पॉलिशच म्हणतात, दुकानदारही तेच म्हणतो. वॅक्स वरून एक थर देतं, कंपाउंड असलेला थर कापतं, त्यात बारीक खर असते. दुपारी दोन वाजता, भर उन्हात, पत्र्यावर पापड भाजेल अशा बॉनेटवर, जुन्या बनियननं, जोर लावून घासलं. लावताक्षणी वाळून खडूसारखं बसायचं, ते काढायला अजून जोर. बॉनेटच्या कडेला जिथं पत्रा वळतो तिथं रंग पातळ असतो. बनियनला काळं लागायला लागलं. मला वाटलं मळ निघतोय, म्हणून अजून घासलं. रंग निघत होता. जुन्या आठाण्याएवढा राखाडी डाग पडला, आजही आहे.

दोन महिन्यांनी संभाजीनगरला एका डिटेलिंगवाल्याकडं, म्हणजे गाड्या बारकाईनं साफ करून चमकवणाऱ्याकडं, नेली. त्यानं मशीन लावून रंगाची जाडी मोजली, टॉर्च मारला, म्हणाला हे गोल ओरखडे वरवरचे आहेत, निघतील, पण हे कडेचं नाही निघणार, इथं रंगच मारावा लागेल. मग विचारलं, "कुणी केलं हे?"

मी म्हणालो, "आमच्या दाजींनी."

तोंडातून गेलं ते गेलं. पण नंतर ते तसंच ठेवलं हे काही तोंडातून गेलेलं नव्हतं. बायकोलाही तेच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल मग दाजींचंच बरोबर होतं, फडक्यानं काय होत नाही. नाही ओ. फडक्यानं होतंच, त्यांचे ओरखडे खरे होते. मी तेव्हाचा आणि मी आत्ताचा, आमचं यावरून रोज भांडण असतं. तो म्हणतो त्यांनी दस्ती फिरवली नसती तर मी डबी आणलीच नसती. मी म्हणतो डबी वाचायला किती वेळ लागला असता. तो गप्प बसत नाही.

वॅक्सचं राहिलंच. वॅक्सनं ओरखडे पडतात का? चांगल्या नुसत्या मेणात घासणारं काही नसतं. कार्नॉबा म्हणून ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण असतं, मधमाशीच्या मेणापेक्षा कडक, 80 अंशांच्या पुढं वितळणारं. ते ओरखडा अडवत नाही, त्या भ्रमात राहू नका, खडा लागला तर लागलाच. ऊन, कावळ्याची घाण, कडुलिंबाचा चिकटा हे आधी मेणावर येतं आणि धूळ घट्ट बसत नाही, एवढंच. तेही महिना दोन महिने. ओरखडे पडतात ते मेणाखाली धूळ राहिली तर, म्हणून माझं सगळं डोकं धुण्यात जातं, वॅक्स तर शेवटची वीस मिनिटं आहे. धुऊन, पाणी टिपून झालं की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं पत्र्यावरून फिरवून बघा, उघड्या हाताला गुळगुळीत लागणारं बॉनेट पिशवीतून रव्यासारखं लागतं. ते रुतून बसलेले कण क्ले बारनं, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी मऊ वडी मिळते तिनं, भरपूर ओलं ठेवून, काढायचे. मग सावलीत, गार पत्र्यावर, एका वेळी एकच दार, स्पंजवर नखाएवढं मेण, इतकं पातळ की लावलंय का नाही शंका यावी. जरा धुरकट झालं की मायक्रोफायबरची घडी उलटत उलटत सरळ रेषेत पुसायचं, दाबायचं नाही. कापड खाली पडलं की बाद, झटकून परत नाही, मुलीच्या हातून पडलं तरी नाही. यावरून घरात वाद झालेत, मी मागं हटलेलो नाही. गावाकडं डिझेलचा हात मारतात, चकाकतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी धूळ त्यालाच चिकटते.

दसऱ्याला पूजा करतो की. फक्त स्वस्तिक बॉनेटवर नाही, काचेवर. आईचं म्हणणं काचेला कुठं पूजा असते का. ते मिटलेलं नाही.

दाजींनी मागच्या वर्षी गाडी घेतली. पांढरी. रोज सकाळी दस्ती मारतात, कोरडी, गोल गोल. परवा गेलो तेव्हा दारात उभी होती, लांबून एकदम आरशासारखी, आणि मला म्हणाले, "बघा, झालं का काय?" पांढऱ्यावर दिसत नाही, तिरका उजेड लागतो. खिशात मोबाईल होता, टॉर्च लावायची लई इच्छा झाली. लावला नाही. मग ते माझ्या गाडीभोवती हात मागं बांधून एक चक्कर मारून आले, हात मागंच बांधून, आणि बॉनेटच्या कडेशी वाकले.

"हे कशानं झालं ओ?"

"उन्हानं," मी म्हणालो. "आपल्याकडं ऊन लई असतंय ना."