तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रोनला स्कोप आहे का, आणि पोराला हेवी लायसन्स काढू द्यायचं का?

मी सांगलीत शेती अवजारांच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल करून देते. ट्रॅक्टर, ऊसतोडणी यंत्र, बेदाण्याचं शेड, कोल्ड स्टोरेज असली कामं. अलीकडं समोर बसलेला माणूस फाईल उघडायच्या आतच विचारतो, "मॅडम, ड्रोनला पुढं स्कोप आहे का?" त्याच्याबरोबर आलेला चुलता नाहीतर सासरा लगेच दुसरं विचारतो, "आणि त्या बिनड्रायव्हरच्या गाड्या येणार म्हणतात. मग धाकट्याला हेवी लायसन्स काढू द्यायचं का नको?" टीव्हीवर दोन्ही गोष्टी एकाच बातमीत दाखवतात, म्हणून लोकांच्या मनातही त्या जोडीनं बसल्यात. पण आपल्या देशात या दोन धंद्यांची वाट कधीच वेगळी झाली, आणि ती झाली कायद्यामुळे.

ड्रोनला कायदा मिळाला. २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले. त्याआधी ड्रोन उडवायचा म्हणजे २५ प्रकारचे फॉर्म होते, ते ५ वर आले. फीचे ७२ प्रकार होते, ते ४ राहिले. वजनानुसार पाच वर्ग पडले: २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल, १५० किलोपर्यंतचा मीडियम आणि त्यावरचा लार्ज. आपला फवारणीचा ड्रोन औषध भरून स्मॉलमध्ये बसतो. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग ठरले आणि हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागेनाशी झाली. चालवणारा १८ ते ६५ वयाचा, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेला असला की त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र मिळतं. लगोलग ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. उत्पादकांसाठी १२० कोटींची प्रोत्साहन योजना निघाली. सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला. एवढी सलग मेहेरनजर सरकारनं फार कमी यंत्रांवर केली आहे, आणि आज दिसणारा ड्रोनचा बाजार त्यातूनच उभा राहिला.

मग गिऱ्हाईक कोण? देशाचं बघितलं तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. सैन्य, पोलीस, आणि मोजणी. स्वामित्व योजनेत तीन लाखांहून जास्त गावांचं गावठाण ड्रोननं मोजलं गेलं. आपल्याकडंही गावात चुन्याच्या खुणा मारून मोजणी झाली आणि मिळकत पत्रिका आल्या, ती हीच योजना. सरकार गिऱ्हाईक असलं की ऑर्डर मोठी येते, पण कधी येईल ते सांगता येत नाही. शेअरवाले विचारतात त्यांनी आयडियाफोर्ज या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीकडं बघावं. मुंबई आयआयटीच्या मुलांनी २००७ मध्ये काढलेली चांगली कंपनी. जुलै २०२३ मध्ये ६७२ रुपयांना शेअर विकला, पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या आसपास गेला आणि पुढच्या दोन वर्षांत विक्रीच्या भावाखाली आला. माल वाईट होता म्हणून असं झालं नाही. सरकारी ऑर्डरी एका वर्षी ढीगभर आणि पुढच्या वर्षी तुटपुंज्या, हे त्यामागचं मोठं कारण. शिवाय मोटर, बॅटरीचे सेल, चिप हे अजून मोठ्या प्रमाणात बाहेरून, विशेषतः चीनमधून येतं. "भारतात बनलेला" ड्रोन बऱ्याचदा भारतात जोडलेला असतो. सैन्याला ते चालत नाही, आणि चालू नये असंच माझं मत आहे.

पण तुम्ही मला सैन्याचं विचारत नाही. तुम्ही विचारता वाळव्याचं, पलूसचं, कडेगावचं.

उसात ड्रोनची गरज खरी आहे, हे मी ठासून सांगते. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही. पाती कापतात, सऱ्यांत चिखल असतो, साप असतो. २००२ च्या सुमारास लोकरी मावा आला तेव्हा पांढरी पडलेली पानं बांधावरून बघत लोक हतबल उभे होते, आत औषध पोचवायची सोयच नव्हती. आज तांबेरा किंवा पोक्का बोईंग असले उसाचे रोग दिसले तर दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन आठ-दहा मिनिटांत एकर उरकतो. पाठपंपाला जिथं दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, तिथं दहा लिटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, औषध मारणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जात नाही. एवढ्या एका कारणासाठी मला ड्रोन हवा आहे. फवारणी करून आलेला, डोळे लाल झालेला, रात्रभर उलट्या करणारा माणूस आपल्या प्रत्येक गावात कुणी ना कुणी बघितलेला आहे.

द्राक्षात मात्र सावध राहा. तासगाव-मिरजेचे बागायतदार विचारतात तेव्हा मी स्पष्ट नको म्हणते. मांडवाची बाग वरून छत्रीसारखी झाकलेली असते आणि डाऊनी हा बुरशीचा रोग बसतो पानाच्या खालच्या अंगाला आणि घडात. ड्रोनचा फवारा वरच्या पानांवर थांबतो. ऑक्टोबर छाटणीनंतर ज्या फवारण्या घ्याव्या लागतात, त्यात थेंब घडापर्यंत पोचलाच पाहिजे. तिथं ट्रॅक्टरचा ब्लोअरच चांगला. सोयाबीन, हळदीचा करपा, उंच वाढलेला ऊस ही ड्रोनची पिकं.

आता हिशेब. कंपनीचा माणूस सांगतो दिवसाला तीस एकर होतात. सलग रान असेल तर होतीलही. आपल्याकडं वीस गुंठे इथं, पंधरा गुंठे कॅनॉलच्या पलीकडं, मध्ये विजेच्या तारा, नारळाची झाडं, शेजाऱ्याची पालेभाजी. त्यातून वारा सुटला की थांबायचं. म्हणून मी अहवालात दिवसाला अकरा-बारा एकरच धरते. हंगामात पावसाची उघडीप बघून साठ दिवस मिळाले असं धरलं तर सातशे एकर. एकरी पाचशे रुपयांनी साडेतीन लाख. त्यातून पायलट आणि मदतनीस यांचा पगार सव्वा लाख. गाडी, जनरेटर, पेट्रोल पन्नास हजार. विमा नियमानं सक्तीचा आहे, त्यात एखादं पंख्याचं पातं आणि नोझल धरून चाळीस हजार.

आणि बॅटरी, जिच्याबद्दल विक्रेता सगळ्यात कमी बोलतो. भरलेल्या टाकीवर एक जोडी दहा-पंधरा मिनिटं चालते. म्हणजे दिवसभर काम करायला चार जोड्या आणि शेतातच चार्जिंग. सातशे एकरांना सातशेच्या आसपास चार्ज लागतात, म्हणजे जोडीमागं पावणेदोनशे. तीनशे-साडेतीनशे चार्जला जोडी थकते असं धरलं तर एका हंगामात निम्मं आयुष्य संपलं. जोडी पन्नास हजारांची, चार जोड्या दोन लाखांच्या, वर्षाची झीज एक लाख. सगळं वजा करून हातात राहतात पस्तीस हजार. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाचा हप्ताच दीड लाखाच्या वर जातो.

हे आकडे मी उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या गावात थोडे इकडं-तिकडं होतील. पण त्यातून एक गोष्ट उघड दिसते: कर्ज काढून एकट्यानं घेतलेला ड्रोन आज आपल्या भागात स्वतःचा हप्ता फेडत नाही. अनुदान असेल तर गणित बदलतं. अवजारांच्या केंद्रीय योजनेत अवजार भाड्यानं देणाऱ्या केंद्रांना ४० टक्के, कमाल ४ लाख मिळतात. कृषी पदवीधरानं असं केंद्र काढलं तर ५० टक्के, कमाल ५ लाख. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांसाठी ८० टक्के, कमाल ८ लाख ठरवले. १,२६१ कोटींची ही योजना २०२३-२४ ते २०२५-२६ साठी आणि सुमारे १५ हजार गटांसाठी आखली. २०२३-२४ मध्ये खत कंपन्यांनी आपल्या खर्चातून १,०९४ ड्रोन बायकांच्या हातात दिले, त्यातले ५०० या योजनेतले.

या योजनेबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिच्या नावावर पायलटचं प्रमाणपत्र येतं, आणि बांधावर उभे असलेले चार बागायतदार तिला "ताई, आमचं कधी मारणार?" असं विचारतात. ही फार मोठी गोष्ट आहे. पण ड्रोन देऊन योजना संपली असं होता कामा नये. ड्रोन आणि बॅटऱ्या मिळून बरंच वजन भरतं, ते शेतापर्यंत न्यायला चारचाकी लागते. गटाकडं ती नसते. मोटर बिघडली तर दुरुस्तीला पुण्याला पाठवायची आणि ऐन हंगामात पंधरा दिवस वाट बघायची. माझ्याकडं येणाऱ्या गटांची तक्रार ड्रोनची नसते, या पंधरा दिवसांची असते. तालुक्याच्या गावी एक बरा दुरुस्तीवाला, चार मोटरी आणि दोन ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) कपाटात ठेवून बसलेला, आज हवा आहे. आयटीआय झालेल्या पोरांना मी हेच सांगते. पायलट खूप तयार होतायत, तीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत फी भरून. सोल्डरिंग येणारा, बॅटरीचा एक-एक सेल तपासणारा, फवारणीच्या नोझलचं माप कळणारा माणूस शोधून सापडत नाही.

औषधांचीही एक बाब आहे. ड्रोननं दहा लिटरमध्ये औषध जातं म्हणजे ते पाठपंपापेक्षा कितीतरी घट्ट जातं. कुठलं औषध ड्रोननं मारायचं हे केंद्रीय कीटकनाशक मंडळ ठरवतं. २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकांना दोन वर्षांची तात्पुरती मुभा दिली होती. दुकानदार "चालतंय की" म्हणाला म्हणून मारू नका. वाऱ्यानं शेजारच्या तुतीवर किंवा मधमाशीच्या पेट्यांवर गेलं तर भांडण तुमच्या दारात येईल, दुकानदाराच्या नाही.

आता चुलत्यांचा प्रश्न.

बिनड्रायव्हरच्या गाडीला आपल्याकडं स्वतःचा कायदाच नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो गाडीत लायसन्सवाला माणूस गृहीत धरूनच लिहिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २ब आलं, त्यानुसार संशोधनासाठी काही वाहनांना केंद्र सरकार सूट देऊ शकतं. दार एवढंच किलकिलं आहे. नितीन गडकरी मंत्री म्हणून वारंवार सांगत आलेत की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, २०१७ लाही आणि २०२३ लाही. भोपाळची स्वायत्त रोबोट्स, बेंगळुरूची मायनस झिरो या कंपन्यांनी गाड्या चालवून दाखवल्यात. हैदराबादच्या आयआयटीत २०२२ पासून चाचणीचं मैदान आहे. हुशारी कमी नाही. पण अपघात झाला तर जबाबदार कोण, विमा कुणी द्यायचा, याचं उत्तर कायद्यात नसेल तर कुठलीही बँक त्या गाडीला कर्ज देणार नाही. हे मी माझ्या धंद्यावरून सांगते.

आणि रस्ता. गळीत हंगामात रात्री आष्टा-सांगली रस्त्यानं या. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. त्याला ओलांडावं तर समोरून बैलगाडी. कडेला मोळी पडलेली. आपला ड्रायव्हर हे सगळं अंदाजानं काढतो, हॉर्नच्या सुरावरून समोरच्याचा स्वभाव ओळखतो. पट्टे आखलेल्या रस्त्यावर शिकलेल्या यंत्राला हे यायला फार काळ लागेल. उलट मला वाटतं, आधी प्रत्येक ट्रॉलीला मागं लाल पट्टी आणि दिवा लागला तर जास्त जीव वाचतील. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली.

यंत्र माणसाची जागा घेईल ते बंदिस्त ठिकाणी आधी. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा लाइन २८ डिसेंबर २०२० पासून बिनचालकाची आहे, कारण रुळावर बैलगाडी येत नाही. खाणी, बंदरं, कारखान्याची आवारं याच मार्गानं जातील. आणि शेत. महिंद्रानं २०१७ मध्येच बिनचालकाचा ट्रॅक्टर दाखवला होता. भूमी अभिलेखवाले आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा सांगणारं यंत्र, घेऊन मोजणी करतात, तेच उपग्रहाचं तंत्र ट्रॅक्टरला सरी सरळ मारायला शिकवतं. स्टिअरिंग आपोआप धरणारी यंत्रणा आपल्या ऊसपट्ट्यात रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीआधी येईल, असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावर येईल ती मदत करणारी यंत्रणा: स्वतः ब्रेक मारणारी, पट्टा सोडला की सावध करणारी. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत ती २०२१ पासून आहे, ट्रक आणि बसमध्येही येऊ लागली आहे. ती गाडी चालवायला माणूस लागेलच, फक्त डॅशबोर्डवरचा इशारा वाचता येणारा लागेल.

म्हणून धाकट्याला हेवी लायसन्स काढू द्या. आणि ड्रोन घ्यायचा असेल तर कारखान्याच्या शेती खात्याचं, एखाद्या शेतकरी कंपनीचं किंवा सोसायटीचं निदान सहा-सातशे एकरांचं लेखी काम, अनुदानाची पूर्वसंमती आणि तुमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याचं नाव घेऊन या, मी अहवाल करून देते. यातलं काही हाताशी नसेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या ड्रोनवर एक हंगाम पायलट म्हणून पगारानं काम करा. मग पुढच्या वर्षी बसू.