हॅझर्ड चालत होता म्हणून मी फसलो

गेली बरीच वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय आणि जुन्या गाड्या आल्या की मला मनापासून आनंद होतो, कारण त्यात काही लपलेलं नसतं, वायर इथून निघते तिथे जाते, बस. पण मागच्या महिन्यात एका इंडिकेटरने माझा सबंध दिवस खाल्ला, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली, लाल रंग, मालकांनी जिवापाड जपलेली. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे गृहस्थ. म्हणाले, "लेफ्ट दिला की लाइट लागतो आणि नुसता लागूनच राहतो, ब्लिंक होत नाही. राइट होतो पण फार हळू. मागच्याला कळतच नाही मी वळतोय ते, परवा थोडक्यात वाचलो." आणि त्यांनी ग्लोव्ह बॉक्समधून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली, त्यात तीन फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरला ब्लिंक करायला लावणाऱ्या छोट्या डब्या. चौथा गाडीत बसवलेला. म्हणजे आधी ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या प्रत्येकाने फ्लॅशर बदलला होता आणि दोन-चार दिवसांनी तेच परत.

मी सगळ्यात आधी हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारा स्विच, लावून बघितला. चारही लाइट व्यवस्थित फडफडले. झालं, मी मनात ठरवून टाकलं की बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि मागेपुढे जाणाऱ्या हिरवी-लाल, हिरवी-पांढरी या वायर ओके. लॉजिक तसं बरोबरच आहे, कारण या गाडीत हॅझर्डला बॅटरीचा वेगळा फीड, वेगळा फ्यूज आणि त्याचा स्वतःचा फ्लॅशर असतो, शेवटी हॅझर्ड आणि इंडिकेटर भेटतात ते लॅम्पकडे जाणाऱ्या वायरवरच. म्हणजे हॅझर्ड चालतोय तर लोच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. हे बरोबर होतं पण पूर्ण बरोबर नव्हतं, ते नंतर येतंच.

फ्लॅशर म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. जुना थर्मल फ्लॅशर लॅम्पच्या करंटवर चालतो. आत धातूची पट्टी असते, करंट गेला की तापते, वाकते, कॉन्टॅक्ट तुटतो, थंड झाली की परत जुळतो. पुढचा २१ वॉट, मागचा २१ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण साडेतीन ॲम्पियर, एवढ्या करंटचा हिशोब धरूनच ती पट्टी बनवलेली असते. करंट कमी पडला तर पट्टी पुरेशी तापत नाही आणि लाइट लागून राहतो. म्हणून लाइट लागून राहिला की फ्लॅशर गेला असं सगळे म्हणतात, पण बऱ्याचदा तो बिचारा बरोबरच सांगत असतो की मला करंट कमी मिळतोय.

माझ्याकडचा पोरगा मल्टिमीटर बीपवर लावून एकेक वायर चेक करत बसला होता. सगळीकडे बीप. त्याला म्हटलं बंद कर ते, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी बीप येतो. लोड, म्हणजे लाइट, चालू ठेवून व्होल्टेज कुठे पडतं ते बघ. आणि इथे एक सोय अशी की लेफ्ट लागूनच राहत होता, त्यामुळे रीडिंग हलत नव्हतं, आरामात मोजता येत होतं.

इग्निशन ऑन, इंजिन बंद, लेफ्ट चालू. बॅटरीवर १२.४. फ्लॅशरच्या इनपुटला १०.७. म्हणजे फ्लॅशरपर्यंत पोचायच्या आधीच १.७ व्होल्ट गायब! नवीन फ्लॅशर घालून काय होणार होतं सांगा. तेवढ्यात मालक सीटवर बसले होते त्यांनी सहज ब्रेक दाबला आणि माझं रीडिंग अजून खाली गेलं. तेव्हा ट्यूब पेटली. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दोघांचाही फीड एकाच फ्यूजमधून, हिरव्या वायरने येतो. म्हणजे गळती दोघांच्या सामायिक रस्त्यावर, फ्यूजबॉक्सपाशी किंवा त्याच्याही आधी. त्यांना विचारलं तर म्हणाले हो हो, सिग्नलला ब्रेक दाबून थांबलो की राइटपण थांबल्यासारखा होतो. ही गोष्ट त्यांनी आधी कुणाला सांगितलीच नव्हती कारण कुणी विचारलंच नव्हतं.

फ्यूजबॉक्सच्या अलीकडे पांढऱ्या वायरवर १२.१, पलीकडे हिरव्यावर ११.५. सहा दशांश तिथेच. फ्यूज काढला तर क्लिपवर हिरवट बुरशीसारखा थर आणि टर्मिनलचा रिव्हेट हाताला चक्क गरम लागला. शिवाय आत कुणीतरी आताच्या रेटिंगचा ३५ चा फ्यूज टाकलेला. हे मी अनेक गाड्यांत बघतो आणि मला खरंच काळजी वाटते, कारण लुकास म्हणजे या गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी कंपनी, तिच्या जुन्या फ्यूजवर जे ३५ लिहिलेलं असतं ते उडण्याचं रेटिंग आहे, सतत चालवायला तो १७ ॲम्पियरचाच. आताचा ३५ चा फ्यूज सतत ३५ झेलतो, म्हणजे अर्धवट शॉर्ट झाला तर फ्यूज शाबूत आणि वायर जळू शकते. तो काढून बरोबर फ्यूज टाकला, क्लिप बारीक पॉलिश पेपरने चकाचक केल्या, रिव्हेट साफ करून सोल्डरने पक्का केला.

पण अजून ०.८ चा हिशोब लागत नव्हता. फ्यूजबॉक्स आणि फ्लॅशर यांच्या मध्ये आहे काय? तर हॅझर्डचा स्विच! हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, हॅझर्ड ऑफ असताना इंडिकेटरचा करंट त्या स्विचच्याच एका कॉन्टॅक्टमधून फिरून येतो, म्हणजे हॅझर्ड ऑन केला की इंडिकेटर आपोआप तुटावा म्हणून. आणि हॅझर्ड आपण वर्षानुवर्षं दाबत नाही, त्यामुळे तो ऑफचा कॉन्टॅक्ट जागच्या जागी काळा पडत जातो. रेझिस्टन्स जेमतेम पाव ओहम, मीटरच्या केबलचाच तेवढा येतो, म्हणून बीपवाल्या टेस्टमध्ये कुणालाच सापडला नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चाळीसएक वेळा टकाटक ऑन-ऑफ केला, परत मोजलं, ०.१ वर आलं. फ्लॅशरला आता ११.९ मिळत होते. लेफ्ट दिला आणि ब्लिंक सुरू! थोडा हळू, पण सुरू.

मी हत्यारं गोळा करायला लागलो होतो. संध्याकाळ होत आली होती म्हणून मालकांनी पार्किंग लाइट लावले, लेफ्ट दिला, आणि तो परत लागूनच राहिला.

खरं सांगतो, पोटात खड्डा पडला. माणसाला गाडी झाली म्हणून सांगून बसलो होतो.

पोरगा पुढे उभा होता, तो म्हणाला, "दादा, लेफ्ट लागला की डावा पार्किंगपण मंद होतोय, उजव्या बाजूला असं होत नाही." शाब्बास. पुढच्या लॅम्पमध्ये इंडिकेटर आणि पार्किंग एकाच युनिटमध्ये असतात आणि दोघांची अर्थ एकच. एक लावल्यावर दुसरा मंद होतो म्हणजे अर्थ कमजोर, दोघं एकाच अरुंद दारातून बाहेर पडायला बघतायत. लॅम्पची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह, लोडवर ०.९ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं होतं.

मग हॅझर्ड कसा चालत होता? तर हॅझर्डचा फ्लॅशर वेगळ्या जातीचा, किती बल्ब चालू आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, अपघातात एखादा लॅम्प फुटला तरी बाकीचे फडफडत राहावेत म्हणून तो तसा करतात. त्यामुळे डावा पुढचा मंद असूनही तो आपल्या ठेक्यात चालत होता आणि मी सकाळच्या उन्हात फक्त ठेका बघितला, उजेड बघितला नाही. परत हॅझर्ड लावला, यावेळी लॅम्पसमोर बसून बघितलं, डावा पुढचा उजव्याच्या मानाने सरळसरळ पिवळट. सकाळपासून तो तेच सांगत होता.

अर्थची काळी वायर ग्रिलच्या मागे बुलेट कनेक्टरवर, म्हणजे गोळीसारखं टोक स्लीव्हमध्ये घुसवायच्या जोडावर, जाते. स्लीव्ह ओढली तर आत पांढरी-हिरवी पावडर, वायरच्या अर्ध्या तारा तुटलेल्या. वायर मागे कापून चांगल्या तांब्यापर्यंत आलो, नवीन बुलेट सोल्डर केली, नवीन स्लीव्ह, थोडं ग्रीस. मग चैन पडेना म्हणून उजवीकडची आणि मागच्या दोन्ही लॅम्पची अर्थिंगपण उघडून साफ केली. ०.९ चं ०.०५ झालं.

लोक या ब्रिटिश गाड्यांच्या इलेक्ट्रिकला नावं ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही. पन्नास वर्षं पाणी-वारा खाल्लेला जोड आहे तो, आणि रंगांची सिस्टिम इतकी सरळ की हिरवी दिसली की फ्यूजच्या पुढची, पांढरी दिसली की इग्निशनची, काळी म्हणजे अर्थ. आताच्या गाडीत एवढं वाचता येत नाही हो.

शेवटी मी पिशवीतले तिन्ही फ्लॅशर आणि बसवलेला चौथा, एकेक करून लावून बघितले, पार्किंग चालू, हेडलाइट चालू, ब्रेक दाबून. चारही चालले. पिशवीतल्या सगळ्यात जुन्या, पत्र्याच्या डबीवाल्या फ्लॅशरवर कुणीतरी पेनाने "बाद" लिहिलं होतं. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ८२ वेळा, साठ ते एकशेवीसच्या मधे अगदी आरामात. मालक म्हणाले, "हाच ठेवा, हा गाडीबरोबर आलेला आहे." मी त्यावरचं "बाद" थिनरने पुसलं आणि तोच बसवला. अंधार पडला होता, त्यांनी टॉप खाली केला आणि निघाले, कोपऱ्यावर लेफ्ट दिला तेव्हा मी आणि पोरगा दोघंही दारात उभं राहून मोजत होतो.