बकआय रोडवरची मिस्सा

क्लीव्हलँडला लेकीकडे गेलं की जवळच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची सामुदायिक उपासना, ठरलेली. यंदा मात्र हट्टानं बकआय रोडला गेलो, हंगेरियन मिस्सेला. मी वसईचा मराठी कॅथलिक. परमुलखात आपल्या भाषेत देवाशी बोलायला मिळणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

सेंट एलिझाबेथ हा अमेरिकेतला हंगेरियन कॅथलिकांसाठीचा पहिला पॅरिश, म्हणजे धर्मग्राम, १८९२ चा. दोन मनोऱ्यांचं आजचं दगडी देऊळ १९२२ मधलं. पॅरिश होण्याआधी हे लोक स्लोव्हाकांबरोबर एकाच चर्चमध्ये दाटीवाटीनं, कुरबुरी करत बसायचे. मग हंगेरीहून फादर कारोय ब्योम आले. कारखान्यांतल्या मजुरांसाठी त्यांनी पहिलं देऊळ बांधलं, पत्रक काढलं, शिवाय दुसऱ्या गावांतल्या हंगेरियनांकडेही फिरत राहिले. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून दोनेक लाख माणसं बाहेर पडली, त्यातली काही या शहरात आली. पुढे बहुतेक कुटुंबं उपनगरांत गेली. आता रविवारी गाड्या काढून येतात.

दाराशी एका आजींनी फादरना म्हटलं, "दिचेर्तेश्शेक अ येझुश क्रिस्तुश." येशू ख्रिस्ताची स्तुती असो. हाच त्यांचा नमस्कार. मला उत्तर ठाऊक नव्हतं, नुसते हात जोडले. प्रार्थना सुरू झाली, "मी आत्याँक..." आणि मी दचकलोच. त्यांच्या भाषेत 'मी' म्हणजे 'आम्ही'! 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मी ओठांतल्या ओठांत मराठीतच म्हटलं. प्रवचनातलं अक्षर कळलं नाही. पण आजी दोनदा हसल्या, तेव्हा मीही हसून घेतलं.

नंतर खाली हॉलमध्ये कॉफी आणि पोगाचा, म्हणजे खारी, गोल, छोटी बिस्किटं. आमच्या नानखटाईएवढी, पण वरून चाकूनं चौकड्या पाडलेल्या. फादरांना कुणी कॉफी पिऊ देईना. एकाला बाप्तिस्म्याची तारीख हवी, एकाला हंगेरीतल्या चुलतभावाचं पत्र वाचून हवं. नातवाला भाषा येत नाही, ही तक्रार तर तिघांची. आमच्या वसईच्या फादरांचा रविवारही असाच जातो, फक्त तिथं पत्राऐवजी जमिनीचे कागद असतात.

मी निरोप घ्यायला गेलो, तर फादर कागदी रुमालात दोन पोगाचा गुंडाळून खिशात टाकत होते. एका आजारी बाईंना भेटायला निघाले होते. साठ वर्षं इथं काढलेल्या त्या बाई, म्हणाले, आता इंग्रजी पार विसरल्यात. नर्सना काही कळत नाही.

"आज काय हवंय ते विचारतो," म्हणाले, आणि गाडीची किल्ली शोधू लागले.