गॅरी मॅकडोनल्डच का?

सिडनीत येऊन मला तीस वर्षे होत आली. येथील मराठी मंडळींत नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारते, ‘तुमचा आवडता ऑस्ट्रेलियन नट कोण?’ मी गॅरी मॅकडोनल्ड यांचे नाव घेतो, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘अहो, पण ‘मदर अँड सन’ म्हटले की आठवते ती आई, म्हणजे रूथ क्रॅकनेल. मुलाने असे काय केले आहे त्यात?’ तुम्हीही हेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

जेफ्री अ‍ॅदर्डन यांनी लिहिलेली ‘मदर अँड सन’ ही विनोदी मालिका १९८४ ते १९९४ या काळात ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीवर थांबत थांबत चालली. भाग एकूण ४२. घटस्फोट झालेला आर्थर, म्हणजे मॅकडोनल्ड, आपल्या विसराळू आईला, मॅगीला, सांभाळत तिच्याच घरात राहतो, आणि आई कौतुक करते ते दंतवैद्य असलेल्या दुसऱ्या मुलाचे, रॉबर्टचे, जो जबाबदारीची वेळ आली की नेमका कामात असतो. (हे वाचून कोणाला आपले घर आठवले तर त्याला माझा इलाज नाही.) मॅगी खरोखर विसरते आहे की सोयीने विसरते आहे, हे प्रेक्षकाला कधीच नक्की कळत नाही. क्रॅकनेलबाईंनी ही संदिग्धता फार नजाकतीने सांभाळली, यात वाद नाही. पण ती आपल्याला जाणवते ती आर्थरच्या चेहऱ्यावर. आई काहीतरी बोलून जाते, त्याच्या भुवया वर चढतात, उत्तर द्यायला तोंड उघडते, आणि हिला खरेच आठवत नसेल तर आपण एका आजारी बाईवर ओरडू, या शंकेने ते पुन्हा मिटते. हशा पिकतो तो पुष्कळदा त्या मिटलेल्या तोंडावर.

मी कॉलेजात असताना स्पर्धेच्या एका नाटकात मुलाची भूमिका केली होती. समोरची बाई बोलत असताना मी मनातल्या मनात माझे पुढचे वाक्य घोळवत असे, आणि दिग्दर्शकांनी भर तालमीत मला थांबवून विचारले होते, ‘ती आत्ता काय म्हणाली, सांग बघू?’ मला सांगता आले नव्हते. आर्थर पाहताना तो प्रसंग मला दर वेळी आठवतो.

आता गंमत अशी की हाच नट त्याआधी अगदी उलट कारणाने देशभर गाजला होता. सिडनीच्या नाट्यप्रशिक्षण संस्थेतून, ‘नायडा’तून, १९६७ साली बाहेर पडलेल्या मॅकडोनल्ड यांनी सत्तरच्या दशकात नॉर्मन गन्स्टन नावाचा वॉलाँगाँगचा एक बावळट मुलाखतकार उभा केला. टकलावरून ओढून बसवलेले केस, आणि दाढी करताना कापलेल्या जागी चिकटवलेले टिश्यू कागदाचे कपटे. हा प्राणी खऱ्याखुऱ्या नामवंतांपुढे माइक धरी, आणि समोरच्याला ही थट्टा आहे की अज्ञान, याचा पत्ता लागत नसे. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरलनी पंतप्रधान व्हिटलम यांना पदावरून दूर केले, त्या दिवशी कॅनबेराच्या संसद भवनाच्या पायऱ्यांवर संतप्त जमावासमोर नॉर्मनही हजर होता. पुढच्याच वर्षी टेलिव्हिजनचा ‘गोल्ड लोगी’ हा मानाचा पुरस्कार मिळाला तो मॅकडोनल्ड यांच्या नव्हे, नॉर्मनच्या नावाने. नटाला यापेक्षा मोठी दाद कोणती, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात थोडी भीतीही वाटते.

१९९३ मध्ये एका खासगी वाहिनीवर नॉर्मनला पुन्हा आणण्याचा प्रयत्न झाला, आणि मॅकडोनल्ड यांचे मानसिक स्वास्थ्य इतके ढासळले की कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच गुंडाळावा लागला. चिंताविकाराशी आपली जुनीच झुंज आहे, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले, आणि ‘बियाँडब्लू’ या मानसिक आरोग्यविषयक संस्थेच्या संचालक मंडळावर कामही केले. ज्या काळात पुरुषांनी, त्यातही विनोदी नटाने, असे बोलणे रूढ नव्हते, त्या काळात ते बोलले. ही बाजू कळल्यापासून आर्थरचे ते गिळलेले शब्द मी वेगळ्या नजरेने पाहतो. अर्थात हा माझा अंदाज झाला, त्यांनी तसे काही म्हटल्याचे मी सांगत नाही.

रंगभूमी त्यांनी सोडली नाही. पडद्यावर रॉबर्ट झालेल्या हेन्री झेप्स यांच्यासह त्यांनी पुढे ‘हॅल्पर्न अँड जॉन्सन’ हे दोन पात्रांचे नाटक केले. बायकोला नुकतेच पुरून आलेला एक म्हातारा, आणि तिला आयुष्यभर गुपचूप भेटत राहिलेला तिचा जुना स्नेही, अशी त्यातली माणसे. म्हणजे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने, आपले अर्धे आयुष्य आपल्याला ठाऊकच नव्हते हे उमगत, ते ऐकून घ्यायचे. आणि या वेळी आर्थर-रॉबर्टच्या मध्ये आई नव्हती.