धावत्या क्वार्कला तापमान कोणतं लावायचं?

क्वार्क-ग्लुऑनच्या अतितप्त प्लाझ्मातून ओढल्या जाणाऱ्या जड क्वार्कचं घर्षण माहीत असेल, तर आइनस्टाइनच्या संबंधात (चढउतार = २ × तापमान × घर्षण) प्लाझ्माचं तापमान घालून क्वार्कला बसणाऱ्या धक्क्यांचे चढउतार काढावेत, असं सहज वाटतं. उत्तर चुकतं, आणि वेग वाढेल तशी चूक वाढते.

क्वार्क स्थिर असेल तेव्हा मात्र सगळं जुळतं. इथे होलोग्राफीचं चित्र वापरतात: प्लाझ्माच्या जागी एडीएस-५ या पाच मितींच्या वक्र अवकाशातलं कृष्णविवर, त्या अवकाशाच्या सीमेजवळ क्वार्क आणि तिथून क्षितिजापर्यंत लोंबणारी स्ट्रिंग. नांबू-गोटो क्रिया (स्ट्रिंगने व्यापलेल्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून तिची गती ठरवणारी राशी) छोट्या आडव्या विस्थापनासाठी दुसऱ्या घातापर्यंत उलगडली की रेषीय समीकरण मिळतं. क्षितिजापाशी आत जाणारी लहर निवडायची. बाहेर येणारी घेतलीत तर घर्षणाचं चिन्ह उलटतं. संगणकावर सोडवताना अगदी क्षितिजापासून सुरुवात करू नका, कारण तिथे लहरीची कला (फेज) अनंत वेगाने फिरते. तो फिरणारा घटक आधी बाजूला काढा, उरलेल्या गुळगुळीत फलनाची दोन-तीन पदं मालिकेने मिळवा आणि क्षितिजाच्या किंचित बाहेरून सोडवायला घ्या. दुसऱ्या टोकाला सीमा अनंतावर ठेवली तर प्रतिसादात वारंवारतेच्या वर्गाचं पद फुगत जातं. ते क्वार्कच्या वस्तुमानाचं पद आहे. क्वार्क मर्यादित त्रिज्येवर ठेवला की ते आटोक्यात येतं.

वारंवारता शून्याकडे नेली की संवेगाचा प्रवाह त्रिज्येवर अवलंबून राहत नाही, म्हणून घर्षण थेट क्षितिजावरच वाचता येतं: पाय (π) भागिले २, गुणिले √लॅम्डा, गुणिले तापमानाचा वर्ग (लॅम्डा म्हणजे सिद्धांतातल्या आंतरक्रियेची ताकद). हे उत्तर २००६ मध्ये हर्झोग, कार्श व सहकाऱ्यांनी आणि स्वतंत्रपणे गब्सरने दिलं. चढउतार येतात ते हॉकिंग प्रारणातून. क्षितिजाच्या उष्णतेने स्ट्रिंग थरथरते आणि ती थरथर क्वार्कपर्यंत पोचते. संवेगाच्या विखुरण्याचा गुणांक, कप्पा, निघतो पाय गुणिले √लॅम्डा गुणिले तापमानाचा घन. म्हणजे घर्षणाच्या बरोबर २ × तापमान पट.

आता क्वार्क पळवा. स्ट्रिंग मागे वाकते, आणि मूळ क्षितिजाच्या √गॅमा पट त्रिज्येवर तिच्या स्वतःच्या पृष्ठावर एक नवं क्षितिज तयार होतं (गॅमा म्हणजे लॉरेंट्झ गुणक, वेग प्रकाशवेगाजवळ जाईल तसा वाढणारा). त्याच्या आतल्या स्ट्रिंगमधली हालचाल क्वार्कला कळतच नाही. मग आत जाणाऱ्या लहरीची अटही याच क्षितिजावर लावायची, कृष्णविवराच्या नाही. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. या क्षितिजाचं तापमान प्लाझ्माच्या तापमानाला √गॅमाने भागलं की मिळतं, म्हणजे ते प्लाझ्मापेक्षा थंड असतं.

पडताळा दोन ओळींत होतो. स्थिर क्वार्कचा घर्षण-गुणांक × गॅमा × वेग हे ओढीचं बल. आडव्या धक्क्याला गुणांक गॅमा पट होतो. तो २ × नव्या तापमानाने गुणला की आडवा कप्पा गॅमाच्या १/२ घाताने वाढतो. गतीच्या दिशेत बलाचं वेगानुसार विकलन घ्यावं लागतं. त्यातून गॅमाचा घन येतो आणि कप्पा ५/२ घाताने वाढतो. चढउतारांचं थेट गणितही हेच सांगतं. प्लाझ्माचं तापमान घातलं असतं तर दोन्ही ठिकाणी √गॅमा पट जास्त उत्तर आलं असतं.

मर्यादाही याच चित्रातून दिसते. नवं क्षितिज क्वार्कच्या त्रिज्येच्या आत राहायला हवं, म्हणून √गॅमा ही २ × वस्तुमान भागिले (√लॅम्डा × तापमान) यापेक्षा कमी असावी लागते. लॅम्डा १० आणि तापमान ०.२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट धरलं, तर १.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाच्या चार्म क्वार्कसाठी गॅमाची मर्यादा साधारण १४, आणि ४.८ च्या बॉटम क्वार्कसाठी साधारण १४७. खऱ्या प्लाझ्मासाठी लॅम्डा किती घ्यावा हा वेगळा वाद आहे; मुळात हे एन=४ या अतिसममित, खऱ्या प्लाझ्माहून वेगळ्या सिद्धांताचं गणित आहे. पण चार्मच्या वेगवान जेटसाठी हे सूत्र वापरण्याआधी हा आकडा काढून पाहा. मर्यादेच्या पलीकडे स्थिर वेगाने ओढली जाणारी स्ट्रिंग हे चित्रच लागू पडत नाही.