मुंबई ते आग्वाद: जुना लॅपटॉप आणि वेंगुर्ल्याचे खडक

जानेवारीत मित्राची तीस फुटी शिडाची बोट मुंबईहून गोव्याला न्यायची ठरली. अंतर सुमारे 220 सागरी मैल. बोटीवरचा चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र, पावसाळ्यात बंद पडला होता आणि नव्याची किंमत ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. शेवटी दोनेक हजारांचा यूएसबी जीपीएस आणला आणि जुन्या लॅपटॉपवर तेच काम करणारं ओपनसीपीएन चढवलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, अगदी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं.

नकाशे मात्र फुकट नाहीत. अमेरिकेत नोआ ही सरकारी संस्था तिथल्या किनाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे मोफत देते. आपले अधिकृत नकाशे देहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं आणि ते विकत घ्यावे लागतात. ओपनसीपीएनमध्ये आधीपासून असलेला जगाचा नकाशा म्हणजे किनाऱ्याची ढोबळ रेघ, त्यात पाण्याची खोली नसते. तेव्हा यंत्रात वाचलेले पैसे आम्ही नकाशांत घातले. शिवाय माझ्या फोनवर दुसऱ्याच कंपनीचे नकाशे घेतले, म्हणजे यंत्रं दोन, जीपीएस दोन, नकाशेही दोन. (टॅबलेट घेणार असाल तर एक बघा: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो.)

खरी ओढाताण विजेची झाली. लॅपटॉप 40 वॅट खातो, म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आसपास. आमची बॅटरी 100 अँपिअर-तासांची, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. हिशेब केला तर चौदा तास, त्यातच दिवे आणि व्हीएचएफ रेडिओ. म्हणून दिवसा फोन, रात्री लॅपटॉप असं ठरवलं. फोनही उन्हात तापून बंद पडतो, त्याला सावलीत ठेवावं लागतं.

विजयदुर्गला नांगरावर असताना शेजारच्या मासेमारी ट्रॉलरच्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) आमचा पडदा बघायला मागितला. बराच वेळ बघून म्हणाले, "खडक दाखवतो, पण जाळी कुठे दाखवतो?" जाळी टाळायला रात्री किनाऱ्यापासून पंधरा मैल बाहेरून जा, म्हणाले. त्यांचं ऐकून मी देवगडसमोर पंधरा मैलांवर एक खूण केली आणि तिथून थेट गोव्याच्या आग्वाद किल्ल्यापर्यंत रेघ ओढली. पडद्यावर सगळीकडे स्वच्छ निळं पाणी.

झोपण्याआधी सहज नकाशा मोठा केला आणि रेघेवरून हाताचं बोट फिरवत गेलो. वेंगुर्ल्यासमोर रेघ खडकांच्या पुंजक्यावरून जात होती. तिथं दीपगृह आहे, पण लहान मापात, म्हणजे नकाशा मोठा न करता, आमच्या पडद्यावर त्यातलं काहीच उमटलं नव्हतं. व्हेक्टर नकाशा, म्हणजे चित्राऐवजी माहितीतून पडद्यावर रेखला जाणारा नकाशा, असाच चालतो: पडदा गजबजू नये म्हणून लहान मापात बारीकसारीक गोष्टी गाळतो. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीतली 'टीम वेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोसच्या प्रवाळावर आदळली, त्यामागेही नकाशा पुरेसा मोठा करून न पाहणं हे मोठं कारण होतं. त्यांच्याकडे तर अव्वल दर्जाची यंत्रं होती. हे मला वाचून माहीत होतं, तरी त्या रात्री हात थंड पडले.

रेघ दोन मैल पश्चिमेला सरकवली. दुसऱ्या रात्री डाव्या हाताला दीपगृहाचा झोत दिसला, तेव्हा होकायंत्राने त्याची दिशा घेतली आणि दोन्ही पडद्यांशी ताडून पाहिली. जुळली. मित्राला उठवलं, सुकाणू दिलं, पण झोप काही आली नाही.

पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यावर आग्वाद दिसू लागलं. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे आणि वाळू पावसाळ्यात हलते, त्यामुळे तिथली छापील खोली मी मानली नाही. भरतीची वाट पाहिली, लॅपटॉप मिटला, आणि खोलीमापकाच्या आकड्यावर डोळे ठेवून एका ट्रॉलरच्या मागोमाग हळूहळू आत शिरलो.