लुंबार्दाच्या वाळूतलं गृक

कोर्चुलाहून लुंबार्दाला जाणारी बस डोळ्यांदेखत सुटली. अंतर सहा-सात किलोमीटर, म्हटलं चालू. ऑगस्टअखेरचं क्रोएशियातलं ऊन. निम्म्या वाटेतच हौस फिटली.

एवढी पायपीट एका द्राक्षासाठी. नाव गृक. रोमन लिपीत नुसती तीन व्यंजनं, स्वर नाहीच, म्हणून पाहुणे अडखळतात. आपल्याला सोपं, कृष्णातला ऋ. अर्थ ‘ग्रीक’, आणि ‘कडू’सुद्धा. ग्रीकांची वसाहत इथे खरंच होती. त्यांच्या जमीनवाटपाचा दोन हजारांहून जास्त वर्षांचा शिलालेख याच गावात सापडला, तो आता झाग्रेबच्या संग्रहालयात आहे. द्राक्षही त्यांनीच आणलं, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

बागेत शिरलो आणि पाय रुतले. माती कसली, समुद्रावरची वाळूच. आमच्या निफाडकडच्या काळ्या रानाची सवय असलेल्याला हे पटायला वेळ लागतो. मांडव नाही, वेली बुटक्या. पांढऱ्या द्राक्षांच्या ओळींशेजारी मध्येच काळ्या घडांची ओळ: प्लावाच माली.

“हे कशाला?” मी बागवाल्या आजींना विचारलं.

“त्याच्याशिवाय हिला फळ धरत नाही.”

गृकच्या फुलातले परागकण कामाचे नसतात. फूल मादीच म्हणायचं. प्लावाच त्याच सुमारास फुलतो, म्हणून शेजारी लावायचा. पपईच्या बागेत एखादं नर झाड राखतात, तसंच. फुलोऱ्यात पाऊस लागला की तेही गणित बिघडतं.

आजींनी एक घड हातात दिला. टपोऱ्या मण्यांच्या मधेमधे ज्वारीपेक्षा थोडे मोठे, बिनबियांचे मणी. असा घड पाहून आमच्याकडचा व्यापारी गाडीतून उतरणारही नाही. मी एक बारका मणी तोंडात टाकला. साखरच! मोठा मणी त्यापुढे आंबटसर.

मग अंगणात गार वाइन आली, सोबत मेंढीच्या दुधाचं चीज. वाइन कोरडी, गोडवा जवळजवळ नाहीच. आधी लिंबाच्या सालीसारखी चव, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मागे हलका कडवटपणा. मला तोच आवडला. बायकोने दुसरा ग्लास घेतला नाही.

घडाचा फोटो बाबांना पाठवला. चाळीस वर्षं थॉमसन जातीची द्राक्षं पिकवलेला माणूस. दोन मिनिटांत उत्तर आलं: “विरळणी केली नाही वाटतं.”